लॅमिंग्टन रोडवर पीसीचं कॅबिनेट घेताय? किमतीचं स्टिकर आधी सोलून बघा

नवीन पीसी जुळवायला निघालेल्यांसाठी लिहितोय. मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात पार्ट घेणाऱ्यांनी तर जरूर वाचा, कारण मला ज्या पद्धतीनं टोपी घातली गेली ती चांगली घोटवलेली वाटली.

माझं ग्राफिक्स कार्ड होतं आरटीएक्स 4070 टीआय सुपर, तीन पंख्यांचं. या चिपचं एनव्हिडियाचं स्वतःचं फाउंडर्स एडिशन कार्ड निघालंच नाही. जी मिळतात ती इतर कंपन्यांची, आणि प्रत्येकाची लांबी निराळी. म्हणून दुकानात नुसतं चिपचं नाव न सांगता थेट आकडा सांगितला, 308 मिमी. पुढच्या बाजूला 360 चा लिक्विड कूलर (प्रोसेसर थंड करायचा, तीन पंख्यांच्या लांब रेडिएटरचा) लागणार, हेही सांगितलं. काउंटरवरच्या पोरानं खोक्यावर बोट ठेवलं, "बिनधास्त घ्या साहेब, 340 पर्यंत बसतं." 340 छापलेलं होतंच. कार्ड, कॅबिनेट, कूलर, सगळ्याचे पैसे आधी घेतले, असेंब्लीचे वेगळे, आणि संध्याकाळी या म्हणाले.

दुपारीच फोन. "साहेब, कार्ड बसत नाहीये. मोठं कॅबिनेट घ्यावं लागेल. हे परत घेऊ, पण सील तुटलंय, 20 टक्के कापावे लागतील." आणि मोठ्या कॅबिनेटचा भाव? शेजारच्या दुकानापेक्षा चांगलाच चढा. म्हणजे दोन्हीकडून कात्री.

गेलो तर कॅबिनेटचं रिकामं खोकं कोपऱ्यात पडलेलं. किमतीच्या स्टिकरचा एक कोपरा सुटला होता, नखानं ओढला. खाली बारीक अक्षरात ओळ होती : पुढे रेडिएटर लावल्यास 288 मिमी. हिशोब सरळ आहे. रेडिएटर 27 मिमी जाड, पंखा 25, मिळून 52 गेले. माझं कार्ड 20 मिमीनं आपटत होतं. चुकून चिकटलं असेल म्हणावं, तर रॅकवर त्याच मॉडेलची आणखी खोकी होती आणि प्रत्येकावर स्टिकर त्याच ओळीवर. बाकीच्या मॉडेलांवर ते कुठेही, वाकडंतिकडं. हा योगायोग मला तरी पटत नाही.

मालक आला. आधी "रेडिएटर वर लावा ना" म्हणाला. वर रॅमच्या पट्ट्या आड येत होत्या, 360 साठी जागाही नव्हती. मग नेहमीचं पालुपद, एकदा विकलेला माल परत घेत नाही. कार्डाचं पक्कं बिल दिलं होतं, वॉरंटीसाठी ते द्यावंच लागतं; कॅबिनेट आणि कूलर मात्र 'एस्टिमेट' लिहिलेल्या कच्च्या पावतीवर. ही खरी मेख. पावती कच्ची असली की माल त्यांचाच, हे सिद्ध करायला आपल्याला धावावं लागतं. माझ्याकडे व्हॉट्सॲपवरचं त्यांचं कोटेशन होतं, त्यात कॅबिनेटचं मॉडेल, कार्डाचं मॉडेल आणि माझा '360 कूलर पुढे' हा मेसेज. वर यूपीआयची नोंद. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करतो आणि जीएसटीशिवायच्या पावतीचा फोटोही जोडतो म्हटल्यावर सूर बदलला. कॅबिनेटचे पैसे पूर्ण परत केले. असेंब्लीचे दिले नाहीत, वर "तुमच्यामुळे पोराचा दिवस गेला" हे ऐकवलं.

तुम्ही घेताना 'कार्ड बसेल का' एवढंच विचारू नका, त्याला 'बसेल' हेच उत्तर येतं. पुढे रेडिएटर धरून किती मिमी, ते लिहून मागा. हार्ड डिस्कचा पिंजरा आड येतो का, ते पाहा. जाडीही बघा, अशी कार्डं बहुधा कॅबिनेटच्या मागचे तीन स्लॉट खातात. आणि ज्याकडे कोणीच बघत नाही ती कॅबिनेटच्या बाजूची काच : या कार्डाचा 16 पिनांचा पॉवर कनेक्टर काचेकडे तोंड करून असतो, त्याची केबल निदान 35 मिमी सरळ जाऊ द्यावी, मगच वाकवावी. 2022 मध्ये आरटीएक्स 4090 कार्डाचे असेच कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या, त्यामुळे काच दाबून लावतो म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका.

मी दुसऱ्या दुकानातून कॅबिनेट घेतलं, पक्क्या बिलावर. कार्ड आणि रेडिएटर काउंटरवरच बसवून घेतले, काच लावून पाहिली, आणि मगच पैसे दिले. दुकानदार जरा कुरकुरला, पण बसवून दिलं.