बी-टू नंतरचं जर्मन: भवन, रानडे की खासगी शिकवणी?

नोकरी सांभाळून जर्मन बी-टूपर्यंत नेलेली माणसं पुण्यात भरपूर आहेत. (भाषेच्या युरोपीय चौकटीत ए-वन ते सी-टू अशा सहा पातळ्या आहेत; बी-टू ही चौथी, सी-वन पाचवी.) पुढे काय, असं विचारलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न 'सी-वनचा वर्ग कुठे लावू?' हा असतो. माझं सांगणं असं, की आधी एक गोष्ट ठरवा: तुम्ही लिहिलेलं आणि बोललेलं कोण तपासणार?

बी-टूपर्यंत वर्ग लागतो, कारण व्याकरण क्रमाने चढत जातं. सी-वनला नवं व्याकरण फार उरत नाही. दुसऱ्याचं म्हणणं सांगताना लागणारा कोन्युंक्टिव्ह आइन्स, कर्मणीचे पर्याय, क्रियापदांऐवजी नामांवर उभी राहिलेली सरकारी धाटणीची वाक्यं आणि नामाआधी येणारी लांबलचक विशेषणं, एवढंच. यातलं शेवटचं प्रकरण आपल्याला बरंच सोपं जातं. 'नगरपालिकेने गेल्या वर्षी मंजूर केलेली योजना' असं आपण रोज म्हणतो. जर्मनमध्येही आर्टिकल आणि नाम यांच्यामध्ये हा सगळा मजकूर जवळपास याच क्रमाने बसतो. इंग्रजीतून विचार करणारा तिथे अडखळतो, मराठीतून करणारा सरळ वाचत जातो. शिकवताना हे कोणी सांगत नाही याची मला खंत वाटते.

बाकीचा सी-वन म्हणजे ढीगभर वाचणं, ऐकणं आणि आपल्या चुका ओळखणं. वाचायला-ऐकायला पैसे पडत नाहीत. डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या आहेत, त्या सोप्या वाटू लागल्या की डॉइचलांडफुंकचा रेडिओ आहे. चुका दाखवणारं माणूस मात्र फुकट मिळत नाही. फी देताना त्यासाठी द्या.

मॅक्स म्युलर भवन

बोट क्लब रोडवरचं भवन म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेची पुण्यातली शाखा. तिची फी या तिन्हींत सगळ्यात जास्त. त्या बदल्यात प्रशिक्षित शिक्षक, ठरलेलं वेळापत्रक आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेचीच शिकवण्याची पद्धत मिळते. वर्गात चर्चा खूप होते, त्यामुळे बोलायची भीड मोडते. ज्यांना घरी बसून अभ्यास होत नाही, त्यांनी दुसरीकडे न बघता इथेच जावं.

अडचण लिखाणाची आहे. वर्ग कुठलाही असो, पंधरा-वीस जणांचे निबंध एका शिक्षकाकडे आले की प्रत्येक वाक्यापाशी थांबणं शक्य नसतं. शिवाय बी-टू काठावर पास झालेला आणि जर्मन कंपनीत रोज बोलणारा असे दोघंही एकाच बाकावर येतात. शून्यापासून सी-वनपर्यंत 45 मिनिटांचे 800 ते 1000 तास लागतात, असा खुद्द गोएथे इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. बी-टूसाठी हाच आकडा 600 ते 800 आहे. म्हणजे वर्गाबाहेर स्वतः काही केलं नाही, तर एका कोर्सने अंतर कापलं जाईलच असं नाही.

रानडे इन्स्टिट्यूट

फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. सर्टिफिकेट, डिप्लोमा, त्यापुढचा वरचा डिप्लोमा अशी चढण, आणि ज्यांना भाषेतच राहायचं आहे त्यांच्यासाठी एमए. फी भवनापेक्षा पुष्कळ कमी. शैक्षणिक वर्षाच्या चालीने अभ्यास होतो, त्यामुळे भाषा मुरायला वेळ मिळतो. भाषांतर करायचं असेल, शिकवायचं असेल, जर्मन साहित्य मुळातून वाचायचं असेल, तर मी इथलंच नाव सुचवेन.

पण विद्यापीठाचा डिप्लोमा ही युरोपीय चौकटीतली पातळी नव्हे. व्हिसाच्या खिडकीपाशी किंवा जर्मन मालकापुढे गोएथे, टेल्क, ओएसडी किंवा टेस्टडाफ अशा मान्यताप्राप्त परीक्षेचाच कागद लागतो. डिप्लोमा करूनही परीक्षा वेगळी द्यावी लागेल, हे आधीच धरून चाला. एका वर्षात जर्मनीला निघायचं असलेल्यांसाठी हा रस्ता लांबचा आहे.

स्वतः अभ्यास आणि खासगी शिकवणी

चाळिशीतल्या, घर-नोकरीत अडकलेल्या माणसाला मी हाच मार्ग आधी सुचवते. वाचन आणि ऐकणं स्वतः करायचं. आठवड्यातून एकदा तासभर एका शिक्षकासमोर बसायचं, तेही फक्त लिहिलेलं तपासायला आणि बोलायला. धडे शिकवून घेण्यात तो तास घालवू नका.

तपासणं म्हणजे काय, ते एका वाक्यात दिसतं. 'निर्णय घेणे' यासाठी आपल्यातले पुष्कळ जण 'आइने एन्टशायडुंग माखेन' लिहितात, कारण डोक्यात इंग्रजी असतं. आर्टिकल बरोबर, विभक्ती बरोबर, वाचणाऱ्याला अर्थही कळतो. पण जर्मन माणूस तिथे 'ट्रेफेन' म्हणतो. बी-टूला ही चूक खपून जाते. सी-वनला अशा जोड्यांवरच तुमचं जर्मन जोखलं जातं. चांगला शिक्षक शब्दाखाली रेघ मारतो, उत्तर देत नाही आणि डीडब्ल्यूडीएस या मोफत कोशात शोधायला लावतो. कुठलं नाम कुठल्या क्रियापदासोबत येतं, हे त्या कोशात नीट दिसतं. अशा शंभरेक जोड्या वहीत जमल्या की लिखाणाचा पोत बदलतो, आणि तो बदल स्वतःला जाणवतो.

धोका उघड आहे. महिनाअखेर आली की आधी हाच तास रद्द होतो. शिक्षक निवडताना त्याच्याकडे सी-टूचं प्रमाणपत्र आहे का, हे विचाराच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याने तपासलेला एखादा निबंध बघायला मागा. नुसत्या बरोबर-चूकच्या खुणा दिसल्या तर पुढचं घर गाठा.

परीक्षा कुठली?

गोएथेची सी-वन 2024पासून मॉड्यूलमध्ये देता येते: वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येकात 100पैकी 60 गुण हवेत. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा द्यायचा. नोकरदारांसाठी ही फार मोठी सोय आहे. लेखनाला वेळ लागतोय असं वाटलं तर बाकीचे तीन आधी उरकून घ्या. संभाषणात समोर माणसं असतात: आधी छोटं भाषण, मग चर्चा.

टेस्टडाफ ही विद्यापीठ प्रवेशासाठीची परीक्षा. तिथे पास-नापास नाही, टीडीएन 3, 4 आणि 5 अशा पायऱ्या आहेत. चारही भागांत 4 मिळाले की सहसा प्रवेशाला अडत नाही. बोलायचं मात्र यंत्रासमोर, ठरलेल्या सेकंदांत. समोरच्याचा चेहरा बघून बोलणाऱ्या माणसाला हे जड जातं, तेव्हा घड्याळ लावून, आवाज रेकॉर्ड करून सराव हवाच. जर्मन माध्यमातून मास्टर्स करायचं असेल तर हीच घ्या, कारण गोएथेची सी-वन प्रत्येक विद्यापीठात चालतेच असं नाही. इथल्या नोकरीसाठी किंवा शिकवण्यासाठी मात्र गोएथे बरी. इथे ती लोकांना ठाऊक आहे.

आणि सी-वन खरंच हवी आहे का, हेही बघा. जर्मनीत परिचारिकांना सहसा बी-टू पुरते. जर्मन नागरिकत्वासाठी बी-वन लागते. तिथे पोचून कामाच्या ठिकाणी भाषा वाढवणं हे इथे आणखी एक वर्ष वर्गात बसण्यापेक्षा अनेकांना सोयीचं पडेल.

डॉक्टरांचं गणित वेगळं आहे. त्यांना सर्वसाधारण जर्मनची बी-टू आणि त्यावर वैद्यकीय भाषेची सी-वन पातळीची फाखश्प्राखप्र्युफुंग ही परीक्षा लागते. ती सहसा तिथल्या राज्यांच्या डॉक्टर परिषदा घेतात. साधारण वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात: रुग्णाशी बोलून माहिती घेणं, ती लिहून काढणं आणि वरिष्ठ डॉक्टरांना केस सांगणं. त्यांनी गोएथेच्या सी-वनमागे वर्ष घालवू नये. बी-टू झाल्या झाल्या केस पेपर जर्मनमध्ये लिहायला घ्यावेत आणि ते तपासून देणारा, जर्मनीत काम केलेला डॉक्टर शोधावा.