सरपणासाठी मध्यम चेनसॉ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. सरपण कापायला ५० सीसीच्या आसपासचं इंजिन, १६ इंची बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) आणि .३२५ पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांचं माप, इंचात) चेन पुरते. त्यापुढे प्रश्न उरतो तो ताकदीपेक्षा वजनाचा. आणि ज्याला चेनला धार लावायचा कंटाळा आहे त्याने मॉडेलांच्या वादात पडूच नये. बोथट चेनचा ३ किलोवॉटचा सॉ धारदार चेनच्या २.३ किलोवॉटच्या सॉपुढे मार खातो, आणि वर पेट्रोलही जास्त पितो.

या गटातले नेहमीचे उमेदवार असे. स्टिल एमएस २५०: ४५.४ सीसी, २.३ किलोवॉट, ४.६ किलो. स्टिल एमएस २७१: ५०.२ सीसी, २.६ किलोवॉट, ५.६ किलो. हस्क्वर्ना ४५५ रँचर: ५५.५ सीसी, २.६ किलोवॉट, ५.८ किलोच्या आसपास. वरच्या वर्गात स्टिल एमएस २६१ सी-एम (५०.२ सीसी, ३ किलोवॉट, ४.९ किलो) आणि हस्क्वर्ना ५५० एक्सपी मार्क २ (५०.१ सीसी, ३ किलोवॉट, ५.३ किलो).

२७१ आणि २६१ चे आकडे शेजारी ठेवून बघा. सीसी तेवढेच, पण एक ७०० ग्रॅमने हलका आणि ०.४ किलोवॉटने जोरदार. याचं कारण बांधणीत आहे. २७१ सारख्या, शेतकामाच्या वर्गातल्या सॉमध्ये इंजिन हा सुटा गठ्ठा असतो आणि तो प्लॅस्टिकच्या सांगाड्यात बसवलेला असतो. २६१ सारख्या व्यावसायिक वर्गात मॅग्नेशियमचा क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच) हाच सांगाडा, म्हणून दुहेरी वजन नाही. दुरुस्तीतही हा फरक जाणवतो. व्यावसायिक सॉचा सिलिंडर चार बोल्ट काढले की हातात येतो. दुसऱ्यात पिस्टन नुसता बघायचा म्हटलं तरी अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं.

कॅटलॉगमधलं वजन फसवं असतं, कारण ते बार, चेन, पेट्रोल आणि ऑइल सोडून दिलेलं असतं. १६ इंची बार आणि चेन मिळून किलोभर, अर्धा लिटर पेट्रोलचे पावणेचारशे ग्रॅम, पाव लिटर चेन ऑइलचे सव्वादोनशे. म्हणजे ४.९ चा सॉ हातात साडेसहा किलोचा भरतो आणि ५.६ चा सव्वासातच्या आसपास जातो. आडव्या पडलेल्या जाड ओंडक्यावर हे जादा वजन खुपत नाही. उलट सॉ आपल्याच भाराने खाली उतरतो. ते खुपतं फांद्या छाटताना. दर कापाला सॉ उचला, फिरवा, पुन्हा टेकवा, असं दुसऱ्या टाकीपर्यंत चाललं की मनगट बोलायला लागतं. त्यामुळे कामात फांद्या जास्त असतील तर एमएस २५० किंवा २६१ घ्यावा, ओंडकेच जास्त असतील तर २७१ किंवा ४५५ ने काही अडत नाही. २५० हलका खरा, पण त्याची थरथर हाताला २६१ पेक्षा स्पष्ट जास्त लागते. टाकी संपली की बोटांना विश्रांती द्यावी.

ताकदीचा फरक नेमका कुठे कळतो? दंडाएवढ्या फांदीत कळतच नाही. १२-१४ इंची, वाळलेल्या कठीण लाकडात बार पूर्ण बुडला की कळतो: २.३ किलोवॉटचा सॉ दाबला की आवाज बसतो, दाब हलका करावा लागतो. ३ किलोवॉटचा तोच दाब सहन करून ढलप्या फेकत राहतो. तरीही एका कापात वाचतात ते काही सेकंद. दिवसभराच्या कामात त्याहून जास्त वेळ ओंडके हलवण्यात आणि रचण्यात जातो. (२० इंची बार लावून सॉ ‘मोठा’ करायचा मोह या इंजिनांवर आवरावा. दात वाढतात, घर्षण वाढतं, धार लावायचं कामही वाढतं. ओंडका दोन्ही बाजूंनी कापला तर १६ इंची बार दीड हात जाडीलाही पुरतो.)

आता धारेकडे येतो, कारण खरा खेळ इथेच आहे. .३२५ च्या चेनला ४.८ मिमीची गोल कानस लागते. साधारण ३० अंशांचा कोन, आणि कानस नेहमी दाताच्या आतून बाहेर एकाच दिशेने ढकलायची. परत ओढताना उचलून घ्यायची. बार शिकंज्यात पकडलेला असला तर उत्तम, नाहीतर ओंडक्यात खाच पाडून त्यात बसवावा. दर टाकी भरताना प्रत्येक दाताला दोन-तीन हात पुरतात. धार पार जाईपर्यंत थांबलं तर तेच काम दहा-बारा हातांचं होतं आणि दातही उगाच झिजतात. सगळे दात सारख्या लांबीचे राहायला हवेत. उजवा हात जोरकस असल्याने एका बाजूचे दात जास्त घासले जातात, मग चेन कापात वाकडी जाते आणि बार अडकतो. बरेच जण तेव्हा बारला दोष देतात. बारचा दोषही असू शकतो, पण तो ओळखता येतो: बार सपाट फरशीवर उभा धरा, एका बाजूला कलला तर त्याची खाच एकीकडून झिजली आहे. चेन बदलताना दर वेळी बार उलटा केला की ही झीज दोन्हीकडे वाटली जाते.

दातापुढचा बुटका खुंट बहुतेकांच्या ध्यानातच नसतो. दात किती खोल खाणार हे तोच ठरवतो. या चेनला तो दातापेक्षा ०.६५ मिमी खाली असायला हवा. तीन-चार वेळा धार लावली की दात खाली येतो, खुंट मात्र तिथेच. मग धार झकास असूनही चेन नुसती घसरते. चपटी कानस आणि मापपट्टी घेऊन तो उतरवावा, पण अंदाजाने जास्त उतरवला तर चेन झटके देते आणि सॉ उसळायचा धोका वाढतो.

धार गेली की नाही, हे भुश्यावरून कळतं. नखाएवढ्या ढलप्या पडत असतील तर चेन ठीक. पिठासारखा भुसा पडला, किंवा कापातून धूर निघाला, की थांबा. बहुतेक वेळा कारण माती असते. जमिनीवर ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत बारीक वाळू अडकलेली असते. आणि पडलेला ओंडका कापताना टोक एकदा जरी जमिनीला लागलं तरी दहा मिनिटांपूर्वीची धार गेली समजा. म्हणून घोडी (ओंडका जमिनीपासून वर धरणारी चौकट) बनवाच. जमत नसेल तर ओंडका तीन चतुर्थांश कापून लोळवायचा आणि उरलेला भाग वरून कापायचा.

सरपणाच्या ढिगात बारचं टोक मागच्या लाकडाला लागणं हा सगळ्यात मोठा धोका. टोकाचा वरचा पाव भाग कशाला टेकला की सॉ थेट तोंडाकडे उसळतो. डावा अंगठा पुढच्या दांड्याखालून वळवलेला, डोकं बारच्या रेषेबाहेर आणि पायात चेनरोधक पँट. याला पर्याय नाही.

इंधनाचं प्रमाण ५० ला १: लिटरभर पेट्रोलला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल. मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच बनवावं. गरम सॉ लगेच सुरू होत नाही म्हणून पुन्हा चोक ओढणं ही नेहमीची चूक. इंजिन पेट्रोलने तुंबतं. प्लग काढून पुसा, चोक न लावता पाच-सहा वेळा दोरी ओढा, प्लग बसवा. प्लगचं अंतर ०.५ मिमी.

२६१ सी-एम आणि ५५० मध्ये कार्ब्युरेटर स्वतःच जुळवून घेतो. २७१ सारख्या सॉमध्ये स्क्रू असतात. पूर्ण रेसवर, लाकडाबाहेर, आवाज किंचित फडफडता हवा आणि लाकडात शिरताच तो स्वच्छ व्हावा. बाहेरही कर्कश, ताणलेला आवाज येत असेल तर पेट्रोल कमी पडतंय; असाच चालवला तर पिस्टनवर ओरखडे पडतील. स्क्रूला हात लावायच्या आधी एअर फिल्टर साफ करा. वाळलेल्या लाकडाचा बारीक भुसा त्यात इतका बसतो की अर्धे ‘कार्ब्युरेटरचे बिघाड’ तिथेच सुटतात.

पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत ऑइलची टाकीही जवळपास संपली पाहिजे. ऑइल उरत असेल तर बारचं छोटं भोक भुश्याने बुजलंय. काम संपल्यावर चेन थोडी सैल करून ठेवा; तापलेली चेन ताणून तशीच सोडली तर थंड होताना आकसते आणि बार व क्रँकच्या बेअरिंगला धरते. महिनाभर सॉ लागणार नसेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मगच कोपऱ्यात ठेवा.