पिंपातलं टेमिफॉस आणि गल्लीतला धूर

नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं त्या गावात डेंग्यूचा डास गटारात नाही, घरातल्या पिंपात वाढतो. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा मुलखात पाणी साठवू नका म्हणून चालत नाही. म्हणूनच टेमिफॉस ५० टक्के ईसी (पाण्यात मिसळणारं, डासांच्या अळ्या मारणारं द्रव औषध), लोकांच्या भाषेत अबेट, इथे खरंच कामाचं औषध आहे. मात्र मापात.

पाण्यात त्याचं प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. औषधात लिटरला ५०० ग्रॅम टेमिफॉस असतं. म्हणजे हजार लिटरच्या टाकीला २ मिली आणि दोनशे लिटरच्या पिंपाला फक्त ०.४ मिली. हे अंदाजाने जमत नाही. बुचातून ४ मिली पडलं तरी दहापट मात्रा झाली! सुई काढलेली १ मिलीची सिरिंज घ्या, हातमोजे घाला, औषध आधी मगभर पाण्यात कालवा. पाणी दुधासारखं पांढरं झालं की पिंपात ओतून ढवळा. तसंच्या तसं ओतलं तर ते नीट मिसळत नाही.

दुसऱ्या दिवशी टॉर्च मारून बघा. अळ्या मेलेल्या दिसतील, पण स्वल्पविरामासारखे वाकडे कोष वळवळतच असतील. ते काही खात नाहीत, त्यामुळे औषध त्यांना लागू पडत नाही. कापडाने गाळून कोरड्या मातीवर टाका. पिंप रिकामं करून परत भरलं की औषधही गेलं. शिवाय पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात, आणि पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप घासणीने आतून खरवडायलाच हवं. कुलरचं पाणीही काढा, त्याचं गवत उन्हात वाळवा.

पिण्याच्या माठात मात्र औषध टाकूच नये, असं आमचं मत. मर्यादेत असलं तरी जे काम फडकं बांधून होतं, तिथे औषध कशाला?

धूरफवारणीला आम्ही फारच कमी गुण देतो. दोन टक्के पायरेथ्रम या कीटकनाशकाच्या एका भागात १९ भाग रॉकेल मिसळतात. गल्लीतून गाडी जाते, लोक दारं-खिडक्या लावून घेतात, आणि डास आत बाजेखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे बसलेला असतो. धूर विरला की परिणामही संपला. मधमाश्या आणि मासे मात्र या औषधाने मरतात. साथ असेल तर रुग्णाच्या घरात आणि शेजारच्या घरांत आतून मारलेली फवारणी योग्य. नुसत्या समाधानासाठी नको.

टेमिफॉसचंही पर्यावरणाचं देणं आहेच. पाण्यातल्या पिसवा (डॅफ्नियासारखे बारीक जीव) आणि चतुराची पिल्लं त्याने मरतात, आणि हीच पिल्लं डासांच्या अळ्या खातात. त्यामुळे आड, बारव, पाझर तलावात एक थेंबही नको, फवारणीपंपाचं धुवणही नको. अळ्या खाणारे गप्पी मासे बंदिस्त हौदात उत्तम, पण तलावात सोडले तर तिथल्या देशी माशांच्या मुळावर येतात.

बाटली मुलांच्या हाती लागली आणि तोंडातून लाळ, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, असं दिसलं तर उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन थेट सरकारी दवाखाना गाठा.