पेपर ओलीस ठेवणारी जर्नल्स : आमच्या वाट्याला आलेला अनुभव

परिषदेत पेपर वाचून झाला, त्याचा गोषवारा परिषदेच्या संकेतस्थळावर चढला, की थोड्याच दिवसांत एक मेल येतो. ‘आपल्या मौलिक संशोधनाने आमचं संपादक मंडळ प्रभावित झालं आहे. आमच्या आंतरराष्ट्रीय जर्नलच्या आगामी अंकासाठी आपण लेख पाठवावा ही विनंती.’ पेपरचं शीर्षक त्यात अचूक असतं. तुमच्या नावाआधी ‘डॉ.’ लावलेलं असतं, मग तुम्ही अजून एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला का असेना. असा मेल आज-उद्या ज्यांच्याकडे येणार आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझा आणि माझ्या मैत्रिणीचा पेपर अशाच एका जर्नलने अडकवून ठेवला आणि ते निस्तरणं अजून चालूच आहे.

आमचा विषय होता रेकॉर्ड केलेली व्याख्यानं दुप्पट वेगाने ऐकणारे विद्यार्थी. ही सवय लागते कशी, परीक्षा संपल्यावर त्यातलं काय डोक्यात उरतं, समोर बसलेल्या माणसाचं बोलणंही मग संथ वाटू लागतं का, असे प्रश्न घेऊन आम्ही मुलाखती घेतल्या होत्या. मुलं अगदी मोकळेपणाने बोलली. नाव कुठेही येणार नाही आणि तुमचं म्हणणं तुमच्याच शब्दांत छापू, असा शब्द आम्ही त्यांना दिला होता. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे सगळ्यात जास्त लागलं ते इथेच.

पेपर पाठवला आणि आठवडाही उलटला नाही तोच ‘स्वीकृत’ असा मेल आला. सोबत दोन रिव्ह्यूअरचे, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांचे, अभिप्राय. दोघांनीही पेपर ‘नावीन्यपूर्ण आणि सुसंघटित’ ठरवला होता, तोही शब्दशः एकाच वाक्यात, आणि त्या वाक्यातली टायपिंगची चूकसुद्धा दोन्हीकडे तीच. खाली एक सूचना होती : तक्ते अधिक स्पष्ट करावेत. आमच्या पेपरात एकही तक्ता नव्हता. तो कुणी उघडूनही पाहिला नव्हता, याचा याहून उघड पुरावा दुसरा नसेल. पण तोवर त्यांनी त्यांचं काम साधून घेतलं होतं. पेपर अपलोड करतानाच कॉपीराइट हस्तांतराचा फॉर्म भरावा लागत होता, त्याशिवाय पान पुढे सरकतच नव्हतं. फीचा उल्लेख मात्र निमंत्रणाच्या मेलमध्ये नव्हता, लेखकांसाठीच्या सूचनांमध्येही नव्हता. ती आली स्वीकृतीनंतर, बिलाच्या रूपात, मुदतीसकट.

सगळी चलाखी या क्रमात आहे. आधी कौतुक, मग हक्क लिहून घेणं, मग स्वीकृती आणि शेवटी पैसे. आम्ही पैसे द्यायला नकार दिला आणि पेपर मागे घेत असल्याचं कळवलं, तेव्हा उत्तर आलं की ‘संपादकीय प्रक्रिया’ पूर्ण झाल्यामुळे आता मागे घेण्याचीही फी भरावी लागेल. आम्ही तीही भरली नाही. मग एक दिवस पेपर त्यांच्या साइटवर छापलेलाच दिसला.

ती पीडीएफ उघडली आणि हात गार पडले. मांडणी करताना बहुतेक ठिकाणची अवतरणचिन्हं गळून गेली होती. एका मुलाने मुलाखतीत सांगितलं होतं की, आई फोनवर बोलत असते तेव्हा तिलाही रेकॉर्डिंगसारखं पुढे पळवावंसं वाटतं आणि मग स्वतःचाच राग येतो. त्याचं ते अतिशय खासगी वाक्य आता आमच्या विवेचनात मिसळून, आमचंच म्हणून छापलेलं होतं. कोण बोलतंय आणि कोण त्यावर भाष्य करतंय, काही कळत नव्हतं. त्याला दिलेला शब्द आमचा होता आणि तो मोडला कुणी, तर ज्याने ते पान वाचलंही नाही त्याने. पैसे गेले असते तर एकदाच हळहळले असते. हे रोज टोचतं.

दुसरं नुकसान अधिक व्यवहारी आहे. एकच पेपर एकाच वेळी दोन जर्नल्सकडे देता येत नाही आणि आधी छापून आलेला पेपर नवा म्हणून कुणी घेत नाही. नियम योग्यच आहे. पण म्हणूनच ही जर्नल्स पेपर ओलीस धरू शकतात. साहित्यचोरी शोधणारं सॉफ्टवेअर आमच्या मूळ मसुद्यावर चालवलं तर तो त्या पीडीएफशी जुळतो, म्हणजे आम्हीच आमच्या पेपरचे चोर ठरतो.

यातलं काहीही नवं नाही, आणि हे आम्हाला कुठल्याही वर्गात कुणी सांगितलं नव्हतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोलोराडोतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी 2010 मध्ये अशा प्रकाशकांना ‘प्रेडेटरी’, म्हणजे शिकारी, म्हटलं. त्यांची संशयित प्रकाशकांची यादी 2017 च्या जानेवारीत इंटरनेटवरून उतरवली गेली. 2013 मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने ठळक चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट पेपर कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या, म्हणजे ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्सकडे पाठवला. 304 पैकी 157 जर्नल्सनी तो स्वीकारला. ‘सायन्स’ या विज्ञान-साप्ताहिकाने तो सगळा वृत्तान्त छापला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पोलंडमधल्या संशोधकांनी एक काल्पनिक बाई उभी केली, तिला संपादकपदाची काहीही पात्रता दिली नाही आणि तिचा अर्ज 360 जर्नल्सकडे धाडला. 48 जर्नल्सनी तिला संपादक करून घेतलं. तिच्या नावातलं मधलं अक्षर आणि आडनाव जोडून वाचलं की पोलिश भाषेत ‘ठग’ असा शब्द होत होता.

2019 मध्ये तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित जपणाऱ्या सरकारी यंत्रणेने, दाखल केलेल्या खटल्यात न्यायालयाने अशा एका मोठ्या प्रकाशन समूहाला 5 कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. त्यातले आरोप वाचताना मी थबकले : फी लपवणं, रिव्ह्यू झाल्याचा खोटा दावा, तज्ज्ञांची नावं त्यांच्या संमतीविना संपादक मंडळावर टाकणं, पेपर मागे घेऊ न देणं. आमच्या अनुभवातलं एकही पाऊल त्यात सुटलेलं नव्हतं. संपादक मंडळाचं तर आम्ही स्वतःच पडताळून पाहिलं. यादीतल्या एका प्राध्यापिकेला त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल केला. आपलं नाव काढा म्हणून त्या स्वतःच त्या जर्नलच्या मागे लागल्या होत्या.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. फी घेणारं प्रत्येक जर्नल लबाड नसतं आणि ओपन अ‍ॅक्सेस ही वाईट गोष्ट नाही. उलट ज्या विद्यार्थ्याच्या ग्रंथालयाला महागडी वर्गणी परवडत नाही, त्याच्यापर्यंत संशोधन पोचतं ते याच वाटेने. चांगली जर्नल्स फी आधीच, उघडपणे सांगतात, आणि कितीतरी जर्नल्स लेखकाकडून काहीच घेत नाहीत. चांगल्या व्यवस्थेच्या आडोशाने ही मंडळी धंदा करतात, म्हणून त्यांचा राग अधिक येतो.

आता ओळखायचं कसं. साइटवर आयएसएसएन क्रमांक असणं याचा अर्थ एवढाच की त्या नियतकालिकाची नोंद झाली आहे. आठ अंकी ओळख आहे ती, दर्जाची पावती नव्हे. डीओआयचं, म्हणजे लेखाच्या कायमस्वरूपी ऑनलाइन ओळख-क्रमांकाचंही तेच. गूगल स्कॉलरमध्ये दिसतं याला तर काहीच वजन देऊ नका, तिथे नोंदी यंत्र गोळा करतं. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला ते सांगणारा आकडा, क्लॅरिव्हेट या कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधून येतो, त्याच्या नावाला भारदस्त विशेषण जोडलेलं दिसलं तर ती वेगळीच बनावट मोजपट्टी आहे असं समजा. ‘आमचं जर्नल डीओएजेमध्ये आहे, स्कोपसमध्ये आहे’ असं लिहिलेलं असेल (पहिली ओपन ॲक्सेस जर्नल्सची सूची, दुसरा संशोधन-लेखांच्या नोंदींचा डेटाबेस) तर त्यांच्या लिंकवर न जाता त्या यादीत स्वतः शोधा आणि तिथून जर्नलच्या साइटवर जा, कारण नावाजलेल्या जर्नलची हुबेहूब नकली साइटही काढली जाते. ‘थिंक, चेक, सबमिट’ या मोहिमेची प्रश्नावली मोफत आहे. आणि जुन्या अंकातले दोन-तीन पेपर खरोखर वाचा. सगळ्यात जास्त कळतं ते त्यातूनच : नको तिथे तुटलेली वाक्यं, वर्षं चुकलेले संदर्भ, एकाच अंकात शेतीपासून शल्यक्रियेपर्यंत सगळं.

हे इतकं फोफावतं का, याचाही विचार झाला पाहिजे. प्रवेशाच्या, शिष्यवृत्तीच्या, नोकरीच्या अर्जात ‘प्रकाशनं किती’ असा रकाना असतो. काय लिहिलंय, हे विचारणारा रकाना नसतो. जिथे फक्त मोजणी होते तिथे न वाचता छापणाऱ्याचं फावतं. शिकणं म्हणजे माझ्या मते आपलं लिखाण कुणीतरी नीट वाचून ‘हे इथे पटत नाही’ असं सांगणं. आम्हाला तेच हवं होतं, कठोर का होईना पण वाचलेला अभिप्राय. या लोकांनी नेमकं तेच नाकारलं आणि वरून त्याचं बिल पाठवलं.

अडकला असाल तर : त्या जर्नलला पेपर मागे घेत असल्याचं स्पष्ट, तारखेसकट लिहा आणि आलेलं-गेलेलं प्रत्येक मेल, बिल आणि साइटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. पाठपुरावा दोन्ही लेखकांच्या नावाने करा. धमक्यांना घाबरून मागे घेण्याची फी भरू नका, भरल्यावर पेपर खरंच काढतील याची कुठलीच खात्री नसते. गाइडना लगेच सांगा, संकोच करू नका. आमच्या मॅडमनी एका शब्दाने दोष दिला नाही, पत्राचा मसुदाच करून दिला. ग्रंथपालांनाही गाठा, त्यांना यातलं आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. मुलाखती दिलेल्यांना काय घडलंय ते कळवा, तो त्यांचा हक्क आहे. आम्ही प्रत्येकाला पत्र लिहिलं. तो फोनवाला मुलगा म्हणाला, पुढच्या वेळी माझं वाक्य छापायच्या आधी मला दाखवा, आणि आम्ही तसं मान्य केलं आहे. आणि दुसऱ्या चांगल्या जर्नलकडे वळणार असाल तर पेपर पाठवण्याआधीच तिथल्या संपादकांना सगळी हकीकत पुराव्यांसह कळवा. आम्ही कळवली. त्यांनी पेपर सरसकट नाकारला नाही. आधीच्या साइटवरून तो हटवण्यासाठी काय प्रयत्न केले त्याचा पत्रव्यवहार मागवला आणि तो पाहून पुढे ठरवू असं लिहिलं. तो आम्ही पाठवला आहे.