दोन्ही दोर ताणात: टँडम प्रुसिक बिले सोडल्यानंतरचा अनुभव

कड्यावरच्या रेस्क्यूत दुसरा दोर कशाला लागतो, यावर आमच्या टीममध्ये कधीच वाद नव्हता. पहिला गेला तर माणूस वाचावा म्हणून. वाद होता तो दुसरा दोर सैल ठेवायचा की त्यावरही भार घ्यायचा, याचा. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही सैल बिले (भार न घेता तयार ठेवलेला सुरक्षेचा दुसरा दोर) बंद केलं आणि निम्मा-निम्मा भार दोन्ही दोरांवर घ्यायला लागलो. त्यानंतरचा पावसाळा आणि हिवाळा याच पद्धतीवर काढला. सह्याद्रीत हे काम करणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

जुनी पद्धत बहुतेकांना माहीत असेल. मेन दोरावर स्ट्रेचर, त्यात जखमी आणि सोबत आमचा एक माणूस. शेजारच्या वेगळ्या अँकरवरून (दोर बांधायची भक्कम जागा) बिलेचा दोर, त्यावर ८ मिमी कॉर्डची तीन-तीन वेढ्यांची दोन प्रुसिक (भार आला की दोराला आवळून धरणारे गाठीचे फास; ही जोडी म्हणजे टँडम प्रुसिक), एक १.३५ मीटर कॉर्डचं आणि दुसरं १.६५. अँकर आणि प्रुसिकच्या मध्ये रेडियम रिलीज हिच नावाची सोडवता येणारी गाठ, म्हणजे प्रुसिक आवळलं तर भार सोडवता यावा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या रेस्क्यूवाल्यांची बिलेसाठी एक कसोटी आहे: ३ मीटर दोरावर २०० किलो वजन १ मीटर पडू द्यायचं, ते १ मीटरच्या आत थांबलं पाहिजे आणि धक्का १५ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये. टँडम प्रुसिक या कसोटीला उतरतं. कॉर्डच्या दोन तुकड्यांनी एवढं करावं याचं मला आजही कौतुक आहे.

पण ही कसोटी ३ मीटर दोराची. आमच्याकडे स्ट्रेचर कड्याखाली ६० मीटर गेलेलं असतं. ईएन १८९१ या युरोपियन मानकाप्रमाणे टाइप ए स्टॅटिक (कमी ताणणारा) दोर ५० किलोवरून १५० किलोवर गेला की ५ टक्क्यांपर्यंत लांबू शकतो. म्हणजे ६० मीटरला ३ मीटरपर्यंत. भार शंभर नाही, दोनशे किलोचा. त्यात बिलेअरने (बिलेचा दोर सांभाळणाऱ्याने) ठेवलेली सैल आणि प्रुसिकची घसरण वेगळी. मेन दोर तुटला तर बिले धरेल, पण तोवर स्ट्रेचर खालच्या टप्प्यावर आपटलेलं असेल. आपला बेसॉल्टचा कडा सरळसोट क्वचितच असतो, थराथरांनी उतरतो. दर थराला एक कंगोरा.

हे डोळ्यांनी बघायचं म्हणून सरावाच्या कड्यावर वाळूची पोती लटकवली आणि बाद केलेला मेन दोर सुरीने कापला. सैल बिलेवर पोती पुरुषभर खाली गेली आणि कातळावर आपटून एक पोतं फाटलं. दोन्ही दोर ताणात ठेवून तेच केलं तेव्हा पोती हातभर खाली जाऊन झुलत राहिली. त्या दिवसापासून टीममधला वाद मिटला. मात्र त्याच दिवशी दुसरी गोष्टही दिसली. ताणलेल्या दोराला पातं घासावं लागलं नाही, टेकवलं आणि दोर तडकला. सैल दोर त्याच सुरीने कापायला दोन-चारदा ओढावं लागतं. म्हणजे दोन्ही दोर ताणात असतील तर धारदार कंगोऱ्यावर दोघांनाही धोका. म्हणून दोन्ही दोर एकाच कंगोऱ्यावरून एकमेकांना चिकटून न्यायचे नाहीत, प्रत्येकाला वेगळा रोलर किंवा जाड रोप प्रोटेक्टर, आणि कड्यावर एक माणूस फक्त तेवढंच बघायला. २०१८च्या जुलैमध्ये आंबेनळी घाटात बस कोसळली तेव्हा स्थानिक ट्रेकर्सनी दोर लावून दरीतून मृतदेह वर काढले. तसल्या कामात तोच दोर त्याच कंगोऱ्यावरून पुन्हा पुन्हा घासत जातो, आणि सगळ्यात आधी थकतो तो कड्यावर लक्ष ठेवणारा. त्याला ठराविक वेळाने बदला, तो स्वतःहून सांगणार नाही.

उपकरणांबद्दल. पेट्झलचं मेस्ट्रो किंवा सीएमसीचं क्लच, या जातीचं, हँडलने दोर सोडणारं आणि अडवणारं उपकरण दोन्ही बाजूंना लागतं, आणि दोन्हीकडे एकच मॉडेल हवं. आम्ही ११ मिमी दोरासाठी मेस्ट्रो एस घेतलं. सगळ्यात मोठा फायदा उतरवण्यावरून ओढण्यावर जाताना होतो. आधी हिच सोडा, भार बदला, पुली लावा, यात बराच वेळ जायचा आणि खाली जखमी लटकलेला असायचा. आता दोर उपकरणातून न काढता भाराच्या दोरावर रोप ग्रॅब (दोर पकडणारा चिमटा) आणि एक पुली लावली की तिनास एक, म्हणजे एक तृतीयांश जोरात ओढायची रचना तयार. वर गावातली पोरं मदतीला असतात, दोन्ही दोर एकत्र धरून ओढायला सांगितलं की ताण बऱ्यापैकी समान राहतो.

उतरवताना मात्र दोन ऑपरेटर्सचं जमायला वेळ लागतो. एक हँडल जास्त उघडतो, दुसऱ्याचा दोर तारेसारखा ताठ होतो, आणि नकळत आपण पुन्हा एकाच दोरावर येतो. कड्यावरचा माणूस दोन्ही दोरांवर हात ठेवून "डावा सोड", "उजवा थांब" असं सांगत राहतो, हाच आमच्याकडे चाललेला उपाय. पावसात धबधब्याशेजारी आवाज पोचतच नाही. तिथे शिट्टी: एक थांबा, दोन वर, तीन खाली, चार दोर मोकळा.

सर्वांनी हात सोडले तर भार थांबेल का, ही परीक्षा दर वेळी सुरुवातीला करतोच. हँडल सोडलं की उपकरण लॉक होतं. पण घाबरलेला माणूस हँडल सोडत नाही, आवळून धरतो. पेट्झलच्याच आयडी या उपकरणात हँडल फार ओढलं तर अडवणारी सोय आहे, सगळ्याच उपकरणांत ती नसते. दोन्ही दोर ताणात असले की एक गेल्यावरचा झटका छोटा बसतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूचा माणूस दचकतो कमी. माझ्या मते या पद्धतीचा हा फायदा खाली पडण्याची लांबी वाचण्याइतकाच मोठा आहे.

लाल चिखलाने माखलेला दोर कुठल्याही यांत्रिक उपकरणात सुखाने चालत नाही. ओला दोर सुरुवातीला अपेक्षेपेक्षा वेगाने पळतो, म्हणून पहिले दोन मीटर मुद्दाम हळू. प्रत्येक कामानंतर दोर साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवणं आणि उपकरणातली माती ब्रशने काढणं आलंच.

वजनही आहे. किलोहून जड अशी दोन उपकरणं, शिवाय दोन पूर्ण दोर. गाडी कड्यापर्यंत जाते तिथे प्रश्न नाही. कोकणकड्यासारख्या ठिकाणी सगळं पाठीवर न्यायचं असेल आणि माणसं मोजकी असतील तर आम्ही अजूनही टँडम प्रुसिक घेतो, मात्र खाली सोडायची लांबी कमी ठेवतो. नव्या मुलांनाही आधी प्रुसिकच शिकवतो. उपकरण दरीत पडलं तर सॅकमध्ये कॉर्ड असतेच, तिचं काय करायचं ते हाताला माहीत हवं.

नवीन टीमने पैसे जमवताना आधी दोन वेगळे भक्कम अँकर, एज रोलर आणि चांगले दोर घ्यावेत. उपकरणं नंतर. आणि एकच घेऊन दुसऱ्या बाजूला दुसरं काहीतरी लावू नका. दोन्हीकडे हँडलची चाल वेगळी असली की ताण समान ठेवणं जवळजवळ अशक्य होतं.