तार कापली आणि रॉड आपणहून वर आला

जुने शॉक ॲब्सॉर्बर विकणाऱ्याने पहिल्याच निरोपात विचारलं, "तुमची गाडी कोणत्या तारखेची?" आणि मी सांगून टाकली. माझे चौदाशे पन्नास डॉलर खरं तर तेव्हाच गेले. पाठवले पाच दिवसांनी, एवढंच.

गाडी १९६९ची फोर्ड मस्टँग, माक-वन. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. ओक ट्री रोडला किराणा भरायला येणाऱ्या आपल्या मंडळींना सहसा माहीत नसतं, पण याच गावात रूट वनवर फोर्डचा कारखाना होता. १९४८ साली सुरू झाला, २००४ साली बंद पडला. नाव शेजारच्या मटचनचं, जागा एडिसनची. माझ्या गाडीच्या चॅसी नंबराची सुरुवात '९टी' अशी आहे. ९ म्हणजे १९६९ आणि टी म्हणजे मटचन. आपण पुण्याहून आलो, गाडी मात्र इथलीच, या योगायोगावर भाळून मी ती घेतली हे कबूल करतो. बायको अजून ऐकवते, "अहो, लोक जन्मगावी घर घेतात. तुम्ही गाडीचं जन्मगाव बघत बसलात."

इंजिन ४२८ घनइंचांचं कोब्रा जेट, कागदोपत्री ३३५ अश्वशक्ती, चार गिअर हाताने टाकायचे. अशा गाडीचे मागचे शॉक ॲब्सॉर्बर एका रेषेत नसतात. एक ॲक्सलच्या पुढे, दुसरा मागे. क्लच झटकन सोडला की त्या जोराने कमानपाटे पिळले जातात आणि ॲक्सल उड्या मारायला लागतो. पुढे-मागे बसवलेले शॉक तो पीळ दाबून धरतात. गाडीच्या बाबतीत मी फसलो नाही, हेही सांगून ठेवतो. मार्टी नावाच्या कंपनीकडून तिचा रिपोर्ट आधीच काढला होता. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या कारखान्यातल्या नोंदी त्यांच्याकडे आहेत, आणि माझी गाडी त्या नोंदींशी तंतोतंत जुळली.

फसलो शॉकमध्ये. मस्टँग क्लब ऑफ अमेरिकाच्या स्पर्धांमध्ये 'थरोब्रेड' नावाचा वर्ग असतो. त्यात गाडी कारखान्यातून निघाली तशीच असावी लागते. माझ्या गाडीवर पिवळेधमक बाजारू शॉक होते, ते डोळ्यांत खुपायचे. आता शॉक ही चपलेच्या तळासारखी झिजायचीच वस्तू. पहिल्या मालकानेच ते काही वर्षांत बदलून भंगारात टाकलेले असतात. त्यामुळे पंचावन्न वर्षांनंतर कोणी "चारही ओरिजिनल आहेत" म्हणालं, तर तिथेच सावध व्हायला हवं. नाना पेठेत वडिलांच्या स्कूटरचे पार्ट आणायला जायचो तेव्हा दुकानदार तोंडावर विचारायचा, "कंपनीचा देऊ का लोकल?" प्रामाणिक माणूस.

बरं, मी अडाणीही नव्हतो. अभ्यास केला होता, हेच तर दुखणं आहे. फोर्डच्या पार्ट नंबरात पहिलं अक्षर दशकाचं, सी म्हणजे साठचं आणि डी म्हणजे सत्तरचं. मग वर्षाचा आकडा, मग गाडीचं अक्षर. मस्टँगचं झेड. त्यापुढे पार्टचा क्रमांक, १८१२४ पुढचा शॉक, १८१२५ मागचा. हे सगळं मला पाठ होतं. त्या जोरावर एका लबाडाला मी पकडलंही होतं. तो "१९६९चा, न वापरलेला" म्हणून शॉक विकत होता आणि डब्यावर छापलेलं मोटरक्राफ्ट! फोर्डच्या पार्टवर तेव्हा ऑटोलाइट हे नाव असायचं, ते फोर्डने १९६१ साली विकत घेतलं होतं. मक्तेदारीच्या खटल्यात १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते सोडायला लावलं, आणि त्याच सुमाराला मोटरक्राफ्ट हे नाव आलं. १९६९च्या डब्यावर ते कुठून येणार? हे सगळं मी त्याला सविस्तर लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. दोन दिवस मी घरात कॉलर ताठ करून हिंडत होतो.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्याचा निरोप आला. नाव वेगळं, पण आता वाटतं माणूस तोच असावा. त्याचा क्लास मीच फुकटात घेतला होता.

हा फार गोड बोलायचा. एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं गॅरेज रिकामं करतोय म्हणाला, तारीख कळली तर जुळणारे शोधून ठेवतो म्हणाला. माझ्या दाराच्या पट्टीवर '१४सी' आहे, म्हणजे १४ मार्च. ए जानेवारी, बी फेब्रुवारी, असा हिशेब. गाडीवरचा पार्ट गाडीच्या काही आठवडे आधी बनलेला असला पाहिजे, हेही मीच त्याला समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोटो हजर. नंबर बरोबर, तारीख फेब्रुवारी १९६९. पेपर फोडून वर उत्तरपत्रिकाही मीच पुरवली होती, पण त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही.

पैसे 'मित्र-नातेवाईक' या प्रकाराखाली पाठवा, फी वाचेल, असं त्याने सुचवलं. अशा रकमेला खरेदीचं संरक्षण नसतं हे पैसे पाठवताना पडद्यावर लिहून येतं. मी ते वाचलं आणि पाठवले. शॉकच्या नळीतला रॉड बाहेर ओढलेला असा एक फोटो मी मागितला होता. म्हणाला, पॅकिंग झालंय. मी बरं म्हटलं.

पार्सल आलं. चार शॉक, चार ऑटोलाइटचे डबे, आणि प्रत्येक शॉक पूर्ण दाबून बारीक तारेने बांधलेला. वाटलं, प्रवासात हलू नयेत म्हणून बांधले असतील. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, हे इथे मुद्दाम सांगतो. पाच आठवडे ते फळीवर मांडून आल्यागेल्याला दाखवले.

पेनसिल्व्हेनियात कार्लाइलला उन्हाळ्यात फोर्ड गाड्यांचा मोठा मेळा भरतो. मैदानभर जुन्या पार्टची दुकानं. आपला जुना बाजारच, फक्त किमती डॉलरमध्ये. एक शॉक पिशवीत घालून नेला, कौतुक करून घ्यायला. सत्तरी ओलांडलेल्या एका पार्टवाल्यासमोर ठेवला. त्याने नंबराकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ही तार कशाला?"

मी काही बोलायच्या आत त्याने पक्कड काढून ती कापली. रॉड सावकाश, कोणी हात न लावता, वर येत येत पूर्ण बाहेर आला.

पुढचं मला सांगावं लागलं नाही. १९६९च्या मस्टँगचे शॉक नुसते तेलाचे. दाबला की दाबलेलाच राहतो, ओढला तरच बाहेर येतो. आपणहून वर येणारा शॉक म्हणजे आत दाबाखाली नायट्रोजन भरलेला, पुढच्या जमान्यातला. तो दाब रॉडच्या जाडीएवढ्या जागेवर सतत बाहेर रेटत असतो. नवे गॅसचे शॉक दुकानातून येतात तेही असेच दाबून, पट्टीने बांधून. माझ्या भामट्याने पट्टी काढून जुनाट तार लावली होती, इतकंच.

म्हातारा थांबला नाही. थिनरची चिंधी फिरवली. काळ्या रंगाखाली ग्राइंडरचे ओरखडे निघाले, आणि नंबर त्या ओरखड्यांच्या वरून ठोकलेला. रंग रबरी बुशावरही उडाला होता. मग त्याने विचारलं, "डबा होता का?" होता, म्हटलं. तो हसला. कारखान्यात गाडीवर चढणारा माल असा सुट्या डब्यात येत नाही. डबा असतो काउंटरवर विकायच्या मालाला, आणि त्याच्या नंबरात चौथं अक्षरही झेड असतं. माझ्या शॉकवर चौथं अक्षर ए होतं, म्हणजे लाइनवरच्या मालाचा नंबर, आणि डबा काउंटरवरचा. दोन्ही एकत्र येऊच कसे शकतात? समोरच्या दुकानात ऑटोलाइटच्या नव्या छापलेल्या डब्यांचा गठ्ठाच होता. तोही त्याने बोटाने दाखवला.

घरी येऊन तक्रारी नोंदवल्या, बँकेला कळवलं. पैसे माझे मीच पाठवले होते, ते परत आले नाहीत. जाहिरातीतले फोटो शोधून पाहिले, तर त्यातले दोन एका जुन्या लिलावातले निघाले. ते शोधायला चार मिनिटं लागली, पैसे पाठवण्याआधीही चारच लागली असती.

आता कोणी शॉक विकायला आला की मी गाडीची तारीख सांगत नाही. तुझ्याकडे काय आहे ते तूच आधी सांग, म्हणतो. मग व्हिडिओ मागतो. शेजारी माझ्या नावाची चिठ्ठी ठेवायची, शॉक जमिनीवर उभा दाबायचा, हात काढायचा आणि अर्धा मिनिट कॅमेरा हलवायचा नाही. तिघांकडे मागितला. दोघांनी पुन्हा निरोप केला नाही. तिसऱ्याने पाठवला, तो खरंच साधा तेलाचा निघाला, पण गळका होता. तसं त्याने स्वतःच सांगितलं.

गेल्या महिन्यात जवळपास त्याच शब्दांतली जाहिरात पुन्हा दिसली. मेहुण्याच्या खात्यावरून लिहिलं, गाडी २२ नोव्हेंबर १९६८ला बनलेली आहे. संध्याकाळी उत्तर आलं, चारही शॉक आहेत, ऑक्टोबरचे. दोन दिवसांनी भाच्याच्या खात्यावरून मे १९६९ सांगितलं. त्याला एप्रिलचे मिळाले. दोन्ही फोटोंत शॉकखालचं लाकडी टेबल तेच होतं, आणि त्यावरचा तेलाचा डागही माझ्या फोटोतलाच.