जीपीएसच्या रेघेने अक्षरे काढताना : बडोद्यातील काही महिन्यांचा अनुभव

चालण्याचा मार्ग नोंदवणारे अ‍ॅप मी दिवाळीपासून नकाशावर चित्रे आणि अक्षरे उमटवण्यासाठी वापरते आहे. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, अ‍ॅपच्या निवडीपेक्षा आकृतीची जागा आणि तिचा आकार अधिक महत्त्वाचा असतो. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलवरील जागा साधारणपणे ५ मीटरच्या आत अचूक मिळते. त्यामुळे पोलो ग्राउंडवर लहान फूल काढल्यास पाकळ्या एकमेकींत मिसळतात, पण तेच फूल मैदानभर पसरवले की स्पष्ट उमटते. जपानच्या यासुशी ताकाहाशी यांनी देशभर फिरून ७,००० किलोमीटरहून लांब रेघेने अक्षरे काढली, तेथे अशी चूक दिसतही नाही. जुन्या शहरातील मांडवीजवळच्या पोळांमध्ये, म्हणजे दाट वस्तीच्या अरुंद गल्ल्यांमध्ये, मात्र ती लगेच जाणवते, कारण उंच भिंतींवरून परावर्तित झालेले उपग्रहांचे संकेत उशिरा पोहोचतात आणि सरळ गल्लीची रेघ शेजारच्या घरांवरून जाते. तरीही चार दरवाज्यांकडून येणारे रस्ते मांडवीत मिळून होणारी फुली इतकी देखणी आहे की, ती मी पुनःपुन्हा चालते.

अक्षरांसाठी अलकापुरी सर्वांत सोयीची आहे. एखादा लांब, सरळ रस्ता शिरोरेघ मानायचा, त्याला काटकोनात फुटणाऱ्या गल्ल्यांत उतरून दंड काढायचे आणि त्याच वाटेने वर यायचे, म्हणजे ‘नमन’ किंवा ‘गगन’सारखा शब्द कुठेही न तुटता पूर्ण होतो, पण ‘ळ’साठी योग्य वळणांचे रस्ते मला अद्याप सापडलेले नाहीत. नकाशात आरपार दिसणारी गल्ली पुष्कळदा सोसायटीच्या भिंतीपाशी संपते, म्हणून आधी एकदा नुसते फिरून यावे. विश्वामित्रीच्या दोन्ही तीरांवर पसरणारी आकृती पुलांच्या जागा पाहूनच आखावी, आणि नदीत मगरी असल्याने काठावरची वाट मुळीच धरू नये.

चालताना मोबाइलची बॅटरी बचत बंद ठेवावी, अन्यथा नोंदीचे बिंदू विरळ पडून वळणे कापली जातात. चहासाठी थांबल्यास, आपण स्थिर असूनही नोंदलेली जागा सरकत राहते आणि रेघांचा गुंता होतो. तेव्हा नोंद थांबवावी आणि त्याच जागेवरून पुन्हा सुरू करावी. जागा बदलून सुरू केल्यास माझे अ‍ॅप दोन टोके सरळ रेघेने जोडते, त्यामुळे सुटा बिंदू काढता येत नाही आणि अनुस्वार असलेले शब्द मी सध्या बाजूला ठेवले आहेत.